पायाला बांधलेली चिठ्ठी



आपल्या बचत गटाची वही आपण किती जपतो! हप्ता कुणी भरला, कर्ज कुणी उचललं, ठराव कोणत्या तारखेला झाला, सगळं वहीत असतं. तोंडी सांगितलेलं उद्या कुणी मानेल याची खात्री नाही. वहीत असलं की बँकेचा साहेबही मान डोलावतो. आज आम्ही ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहोत, त्यानंही आयुष्यभर वह्याच लिहिल्या. फक्त त्याच्या वहीत माणसांपेक्षा पाखरांची नावं जास्त होती. त्यांचं नाव डॉ. सालिम अली. पाखरांचे मोठे जाणकार म्हणून त्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. पण संग्रहालयात नोकरी धरणारा, ती गमावणारा आणि तरीही त्या संग्रहालयाचं काम न सोडणारा माणूस म्हणून त्यांची ओळख फारशी होत नाही. आज ती करून घेऊ.

गोष्ट मुंबईची आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरची माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत होती. गावाकडून पाहुणे गेले की त्यांना राणीची बाग दाखवायची, ही तिथली रीतच. त्या बागेच्या दाराशी एक जुनं संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं. आज त्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. १५ सप्टेंबर १८८३ रोजी तिथं आठ माणसं जमली आणि त्यांनी एक मंडळ काढलं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. प्राणी, पक्षी, झाडं यांबद्दल जे दिसेल ते एकमेकांना सांगायचं, नमुने जमवायचे आणि लिहून ठेवायचं, एवढाच हेतू.

आठांपैकी सहा इंग्रज होते आणि दोघे आपले मराठी डॉक्टर. एक आत्माराम पांडुरंग, ज्यांनी १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करण्यात पुढाकार घेतला. दुसरे गिरगावचे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे जाणकार. लहानपणी लावून दिलेलं लग्न मला मान्य नाही, असं भर कोर्टात सांगणाऱ्या आणि पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झालेल्या रखमाबाई आपल्याला माहीत आहेत. त्यांचे सावत्र वडील म्हणजे हे सखाराम अर्जुन.

याच गिरगावाला लागून खेतवाडी आहे. तिथं सालिम वाढला. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, म्हणजे मुंबईत प्लेगची साथ आली त्याच वर्षीचा. भावंडांत तो सगळ्यांत धाकटा. तो एक वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांना मूल नव्हतं. त्यांनी या सगळ्या भावंडांना आपल्या घरात वाढवलं.

मामाला शिकारीचा नाद होता. सालिमला छऱ्यांची बंदूक मिळाली आणि तो चिमण्या मारू लागला. हे ऐकून आपल्याला बरं वाटत नाही, पण तो काळ तसा होता. दहाएक वर्षांच्या त्या पोरानं तेव्हा एक नोंद लिहून ठेवली. भिंतीतल्या भोकात चिमणीनं अंडी घातली होती आणि बाहेर खिळ्यावर नर पहारा द्यायचा. यानं तो नर मारला. थोड्या वेळानं चिमणीजवळ दुसरा नर आला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी चिमणीला नवा जोडीदार मिळाला. पोराला वाटत होतं आपण शिकारीचा पराक्रम लिहितोय. पण त्यात पाखराच्या वागण्याची एक खरी गोष्ट नोंदली गेली होती. अनेक वर्षांनी, मोठे शास्त्रज्ञ झाल्यावर, त्यांनी ती नोंद छापायला दिली.

अशीच एक दिवस एक चिमणी हाती आली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती जात, मामाला सांगता येईना. मामानं चिठ्ठी देऊन पोराला त्या सोसायटीच्या कचेरीत पाठवलं. तिथले सचिव होते मिलार्ड साहेब. त्यांनी पोराला हाकलून दिलं नाही. पिवळ्या गळ्याची रानचिमणी, असं तिचं नाव सांगितलं. मग एकेक खण उघडून भुसा भरलेल्या पाखरांचा सगळा संग्रह दाखवला. पाखराचं कातडं कसं सोडवायचं आणि टिकवायचं, तेही शिकवायची सोय केली. सालिम अलींच्या आयुष्याला वळण लागलं ते इथून.

आता हे कातडं टिकवणं म्हणजे काय, तेही समजून घेऊ. मेलेल्या पाखराचं कातडं पिसांसकट अलगद सोडवतात. आतून कीड लागू नये म्हणून औषध लावतात, कापूस भरतात आणि खणात आडवं निजवतात. पण खरं मोल त्या पिसांचं नाही. पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असते, तिचं आहे. पाखरू कुठं मिळालं, कोणत्या तारखेला, नर की मादी, कुणी आणलं, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. चिठ्ठी हरवली की उरतो तो नुसता पिसांचा गोळा. चिठ्ठी असली की शंभर वर्षांनीही ते पाखरू साक्ष देतं, की मी या गावात, या महिन्यात होते.

पाखरांसारखंच जनावरांचंही. १९११ साली या सोसायटीनं देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. सस्तन म्हणजे पिलांना अंगावर पाजणारे. त्या पाहणीचा पहिला अहवाल आपल्या खानदेशाचा आहे. वाघ-बिबट्यांपेक्षा उंदीर, घुशी, चिचुंद्र्या आणि वटवाघळं यांनीच खण भरले. उंदरासाठी कसली पाहणी, असं वाटेल. पण प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी पसरतो. कोणता उंदीर घरात राहतो आणि कोणता शेतात, हे माहीत असणं त्या काळी माणसांच्या जिवाशी जोडलेलं होतं. जनावराच्या कातड्याबरोबर कवटीही ठेवतात, कारण पुष्कळदा जात ओळखायची ती दातांवरून.

सालिम अलींकडे परत येऊ. शाळेत हुशार म्हणावं असं काही नव्हतं. डोकेदुखी मागे लागलेली, मॅट्रिक कसंबसं झालं. पुढे भावाचा धंदा सांभाळायला ते ब्रह्मदेशात गेले. लक्ष धंद्यापेक्षा तिथल्या रानातच जास्त. मुंबईला परतून त्यांनी हिशेबाचं शिक्षण घेतलं आणि सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्राचे धडे घेतले, पण विद्यापीठाची पदवी काही हाती आली नाही. १९१८ साली तहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. धंदा बुडाला. सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली होती. पाखरांची माहिती त्यांना होती, पण पदवीचा कागद नव्हता. जागा हुकली.

तेवढ्यात मुंबईत दुसरं दार उघडलं. फोर्टात प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उभं राहिलं होतं. इमारत बांधून झाली तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं, म्हणून आधी तिथं लष्करी दवाखाना चालला. लोकांसाठी ते खुलं झालं १९२२ साली. आज त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सोसायटीच्या संग्रहातून तिथं प्राणी-पक्ष्यांचा विभाग मांडला गेला. त्याचा कारभार पाहायचे एस. एच. प्रेटर. त्यांचा विषय जनावरांचा. नुसती ओळीनं भुसा भरलेली जनावरं मांडायची नाहीत, ज्या रानात ती राहतात त्याचा देखावा करून दाखवायची, यावर त्यांचा भर. हेच प्रेटर पुढे देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या घटना समितीचे सभासद झाले.

या विभागात १९२६ साली सालिम अलींना नोकरी मिळाली. पगार महिना ३५० रुपये. काम काय, तर येणाऱ्यांना फिरवून समजावून सांगायचं. काचेआडचं जनावर मुकं असतं. ते काय खातं, कुठं राहतं, त्याचा रंग तसा का, हे सांगायला कुणीतरी लागतं.

पण आपलं शिक्षण अपुरं आहे, हे त्यांना बोचत होतं. रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे पाखरांचे नामांकित अभ्यासक होते. त्यांच्या हाताखाली ते शिकले. श्ट्रेझेमान यांनी पदवीचा कागद विचारला नाही, काम पाहिलं. १९३० साली सालिम अली नवी विद्या घेऊन परतले, तर मुंबईत कळलं की पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द झाली आहे.

मैत्रिणींनो, चौतिशीच्या घरातला माणूस, पदवी नाही, धंदा बुडालेला, हातची नोकरी गेलेली. अशा वेळी घरातली बाई काय करते यावर पुष्कळ काही ठरतं. तहमिनाबाई सुखवस्तू घरातल्या, विलायतेत शिकलेल्या. मुंबई सोडून दोघं किहीमला राहायला गेले. अलिबागजवळचं हे समुद्रकाठचं गाव, आजच्या रायगड जिल्ह्यातलं. आणि त्या पडत्या दिवसांत, पावसाळ्यात, सालिम अलींच्या हाती त्यांचं पहिलं मोठं संशोधन लागलं.

ते होतं सुगरण पक्ष्याचं. खोपा आपण सगळ्यांनी पाहिलाय, बाभळीवर नाहीतर विहिरीवर लोंबणारा. तो विणणाऱ्या पाखराला आपण सुगरण म्हणतो, म्हणजे विणणारी बाईच असं धरूनच चालतो. किहीमला सालिम अली रोज तासन्‌तास खोप्यांकडे बघत बसले आणि दिसलं ते लिहीत गेले. विणतो तो नर, हे जाणकारांना ठाऊक होतं. पण काही खोपे अर्धेच का राहतात, याबद्दल नाना तर्क होते. त्यांच्या वहीत उत्तर सापडलं. नर आधी अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून बघतात, चोचीनं ओढून बघतात. खोपा पसंत पडला तर मादी तिथं राहते, आणि मग नर अंड्यांची खोली आणि खालची नळी विणून खोपा पुरा करतो. पसंत नाही पडला तर खोपा तसाच अर्धवट लोंबत राहतो. एक संसार लागला की नर शेजारीच दुसरा खोपा घालायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. घर बांधणारा तो, पण घराला हो किंवा नाही म्हणणारी ती! आपल्या गाण्यांतली सुगरण विणत नसेल, पण पारख तिचीच.

या संशोधनाला मोठी यंत्रं लागली नाहीत. डोळे, चिकाटी आणि रोज लिहिलेली वही लागली.

पुढे त्यांनी सोसायटीला सांगितलं, की मला पगार देऊ नका. संस्थानिकांनी प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, मी त्यांच्या मुलखातल्या पाखरांची पाहणी करतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा पाहण्या झाल्या. नोकरी गेली तरी चिठ्ठी बांधलेली कातडी संग्रहात जमा होतच राहिली. तंबूतल्या त्या दिवसांत तहमिनाबाई बरोबर असायच्या. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सालिम अली त्या धक्क्यानं खचले. पुढे बहिणीनं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. प्रेटर यांचं भारतीय प्राण्यांवरचं पुस्तक १९४८ साली आलं. पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनी मिळून दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. पद्मभूषण, पद्मविभूषण मिळालं, ते राज्यसभेत गेले. गेटी पारितोषिकाचे मिळालेले पैसे त्यांनी सोसायटीलाच देऊन टाकले. १९८७ साली, नव्वदी पार करून, ते गेले. ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली होती, त्याला तोपर्यंत विद्यापीठांनी मानद डॉक्टर केलं होतं.

आता तुम्ही विचाराल, मेलेली पाखरं खणात ठेवून कुणाचं भलं झालं? रास्त प्रश्न आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली एका वटवाघळाची. १९४८ साली अँगस हटन यांनी तमिळनाडूच्या डोंगरातून एक वटवाघूळ सोसायटीकडे पाठवलं. नेहमीचंच फळं खाणारं आहे असं समजून ते खणात ठेवलं गेलं. जवळजवळ पाव शतक ते तिथं पडून होतं. मग किट्टी थोंगलोंग्या या थायलंडच्या अभ्यासकानं ते नीट तपासलं. दात वेगळे निघाले. जगाला माहीत नसलेली जात होती ती! १९७२ साली तिला सालिम अलींचं नाव दिलं. पायाला चिठ्ठी होती, म्हणून शोध कुठं घ्यायचा ते कळलं. असं नाव मिळालं की त्या प्राण्याला कायद्यानं राखता येतं. ज्याचं नावच कुठं नाही, त्याचं रान तोडलं तरी विचारतो कोण?

दुसरी गिधाडांची. ही तर आपल्या दारातली. आपल्या सासवा सांगतात, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की घटकाभरात गिधाडं उतरायची. आता ती दिसत नाहीत. ती कधी गेली, किती गेली, हे ठामपणे सांगता आलं ते सोसायटीच्या विभु प्रकाश या अभ्यासकामुळे. राजस्थानात भरतपूरला त्यांनी १९८०च्या दशकात गिधाडं मोजून ठेवली होती. नव्वदच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली, तेव्हा फरक बघून धक्का बसला. मग शोध सुरू झाला आणि २००४ साली कारण कळलं. ताप-दुखण्यावर जनावरांना देतात ते डायक्लोफेनॅक हे औषध. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक हीही बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही. गोठ्यातल्या जनावराला इंजेक्शन देताना डॉक्टरांना औषधाचं नाव विचारायला काय हरकत आहे? पहिली मोजणी वहीत नसती, तर गिधाडं गेली एवढीच हळहळ उरली असती, कारण सापडलं नसतं.

आज कुणी चिमणी मारून तिची नोंद करायची नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आहे, आणि त्याची गरजही नाही. पण नोंदीची गरज संपलेली नाही, आणि इथं आपला संबंध येतो.

पाखरांची माहिती शहरातच असते असं नाही. जेर्डनचा धाविक नावाचा पक्षी १९०० सालापासून कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता. सगळ्यांनी तो संपला असं धरलं होतं. १९८६ साली आंध्रातल्या कडप्पा भागात तो पुन्हा सापडला. पकडून आणला तो पाखरं धरणाऱ्या एका स्थानिक माणसानं. त्या मुलखातल्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट पुस्तकात यायला ८६ वर्षं लागली.

आपलंही तसंच आहे. टिटवी कोणत्या बांधावर अंडी घालते, कोणत्या फळाला वटवाघळं येतात, खोपे कोणत्या विहिरीवर असायचे आणि आता नाहीत, हे रानात शेळ्या नेणारीला, सरपण आणणारीला, खुरपणीला जाणारीला ठाऊक असतं. पण ते कुठं लिहिलेलं नसतं. सातबाऱ्यावर बाईचं नाव नसलं की शेतात राबूनही ती शेतकरी ठरत नाही, तसं वहीत नाव नसलं की ती जाणकारही ठरत नाही.

यासाठी एक जागा कायद्यानं करून ठेवलेली आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आणि तिनं लोकांच्या मदतीनं गावाची जैवविविधता नोंदवही करायची. २००४ सालच्या नियमांनी समितीवर नेमायच्या सभासदांत निदान एक तृतीयांश बाया असाव्यात असं सांगितलं. ग्रामसभेत विचारा, आपल्या गावची ही वही कुठं आहे? तिच्यात माहिती कुणी सांगितली? बाहेरून कुणी येऊन दोन दिवसांत भरून गेलं, की गावातल्या बायांना विचारलं?

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या जन्माची. या आठवड्यात गटाच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. शंभर पानी एक वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, जागा, काय दिसलं, किती दिसलं, कुणी पाहिलं. पाखराचं नाव आपल्या बोलीत असेल तेच लिहा, पुस्तकी नावासाठी अडू नका. लिहिता न येणारीनं सांगावं, लिहिणारीनं लिहावं. आणि शेवटचा रकाना कधी कोरा सोडू नका. तिथं पाहणारीचं पूर्ण नाव लिहा.